कोल्हापूर ते नागपूर: विमानाचं अंतर आणि वेळ स्वतः काढायची रीत

कोल्हापूरहून नागपूरला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, 'किती लांब आहे हो?' आणि त्याची तीन उत्तरं मिळतात. रेल्वेवाला सांगतो बाराशे किलोमीटरच्या वर, गाडी चालवणारा सांगतो आठशेच्या पुढे, आणि विमानाच्या तिकिटावर काहीच लिहिलेलं नसतं. तिघंही आपापल्या जागी बरोबर. रेल्वे कोल्हापूरहून पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घालून मग पूर्वेकडे वळते. रस्ता सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ असा बऱ्यापैकी सरळ जातो. विमानाचं अंतर मात्र आपणच काढावं लागतं, आणि ते पाच मिनिटांत निघतं.

वेळेचा प्रश्न जास्त किचकट आहे. 'विमानाला किती वेळ लागतो' या एका प्रश्नात तीन वेगळ्या वेळा दडलेल्या असतात: हवेतला वेळ, तिकिटावरचा वेळ आणि घरापासून घरापर्यंतचा वेळ. बेत फसतात ते बहुतेक वेळा या तीन वेळांची सरमिसळ झाल्यामुळे. म्हणून इथे कोल्हापूर–नागपूर ही जोडी घेऊन सगळी रीत करून दाखवली आहे. तुमच्या दोन विमानतळांचे आकडे घातले की तीच रीत तुमच्याही कामाला येईल.

आधी विमानतळ नक्की कोणता ते पाहा

शहराच्या नावावर जाऊ नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड पाहा. कोल्हापूर म्हणजे केएलएच, नागपूर एनएजी, नांदेड एनडीसी, छत्रपती संभाजीनगर आयएक्सयू, शिर्डी एसएजी, बेळगाव आयएक्सजी. नाशिकला हमखास घोळ होतो. अंदाजाने एनएसके टाकलं की अंतर काढणारी साइट तुम्हाला रशियातल्या नोरिल्स्कला नेते. ओझरचा कोड आयएसके आहे.

एका नावाचे दोन विमानतळ असतील तर जास्तच जपा. गोव्यात दाबोळी आणि मोपा यांच्यात सरळ रेषेतच चाळीसएक किलोमीटर आहेत, रस्त्याने त्याहून बरेच जास्त. मुंबईलाही आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. जोडविमानाचं तिकीट काढताना एक विमान सांताक्रूझला उतरतंय आणि दुसरं नवी मुंबईहून सुटतंय असं तर नाही ना, हे पैसे भरण्याआधी बघा.

अक्षांश-रेखांश मिळवा आणि नीट लिहून घ्या

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या वैमानिक माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. ती इंटरनेटवर खुली आहे. तितकं खोलात जायचं नसेल तर नकाशात धावपट्टीच्या मधोमध बोट ठेवून मिळणारे आकडेही चालतील. फरक पडला तरी किलोमीटरभराचा पडेल.

आपल्या जोडीचे आकडे असे:

कोल्हापूर (उजळाईवाडी): १६ अंश ३९ मिनिटं ५३ सेकंद उत्तर, ७४ अंश १७ मिनिटं २२ सेकंद पूर्व.
नागपूर (सोनेगाव): २१ अंश ५ मिनिटं ३२ सेकंद उत्तर, ७९ अंश २ मिनिटं ५० सेकंद पूर्व.

हिशोब चुकतो तो बहुतेक वेळा याच टप्प्यावर. १६ अंश ३९ मिनिटं म्हणजे १६.३९ अंश नव्हे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं: ३९ भागिले ६० म्हणजे ०.६५०, ५३ भागिले ३६०० म्हणजे ०.०१५, एकूण १६.६६५. थेट १६.३९ लिहिलंत तर कोल्हापूरचा विमानतळ तीस किलोमीटर दक्षिणेला सरकला म्हणून समजा. याच रीतीने बाकीचे तीन आकडे येतात ७४.२८९, २१.०९२ आणि ७९.०४७.

सरळ अंतर काढा

एक सागरी मैल म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट, आणि त्याचे १.८५२ किलोमीटर होतात. विमानवाले सागरी मैलांतच बोलतात ते यामुळेच. अंशांना ६० ने गुणलं की मैल हातात येतात, वेगळं कोष्टक लागत नाही.

उत्तर-दक्षिण फरक: २१.०९२ वजा १६.६६५ म्हणजे ४.४२७ अंश. गुणिले ६०, म्हणजे २६५.६ सागरी मैल.

पूर्व-पश्चिम फरक: ७९.०४७ वजा ७४.२८९ म्हणजे ४.७५८ अंश. गुणिले ६०, म्हणजे २८५.५. पण रेखांश विषुववृत्तापासून दूर जावं तसे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून हा आकडा दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचा. सरासरी अक्षांश १८.८८, त्याचा कोसाइन ०.९४६. उत्तर आलं २७०.१ सागरी मैल.

आता शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय. २६५.६ चा वर्ग अधिक २७०.१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ सुमारे ३७९ सागरी मैल. गुणिले १.८५२, म्हणजे ७०२ किलोमीटर.

पृथ्वी गोल असताना सपाट त्रिकोणाचं प्रमेय कसं चालतं, ही शंका रास्त आहे. आपल्या अक्षांशांवर हजार किलोमीटरच्या आतल्या अंतरात ही चूक नगण्य असते. दिल्ली–लंडन काढायचं असेल तर हॅवरसाइन सूत्र (गोलावरचं अंतर काढायचं सूत्र) किंवा 'ग्रेट सर्कल मॅपर'सारखी साइट वापरा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. दोन विमानतळ जवळपास एकाच रेखांशावर असतील तर वर्गमूळही लागत नाही. ओझर आणि मोपा दोन्ही ७३.९ अंशांच्या आसपास आहेत, म्हणून अक्षांशांतला ४.३८ अंशांचा फरक १११ ने (६० गुणिले १.८५२) गुणला की साधारण ४८६ किलोमीटर, झालं.

आकडा आला की नकाशावर एकदा पट्टी ठेवून बघाच. कोल्हापूर–नागपूर ही रेघ जवळपास बरोबर ईशान्येला जाते: पंढरपूरच्या डोक्यावरून, धाराशिव आणि अंबाजोगाईच्या अगदी बाजूने, पुढे परभणी आणि नांदेड यांच्या मधून, यवतमाळ-वर्ध्याजवळून नागपूर. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ एका रेघेत. रेल्वेने हेच अंतर बाराशेच्या वर का जातं ते ही रेघ पाहिली की समजतं. गाडी आधी उत्तरेकडे मनमाडपर्यंत जाते आणि मग नागपूरकडे तोंड करते.

विमान खरंच उडतं ते अंतर

७०२ हा कमीत कमी आकडा. विमान ठरलेल्या हवाई मार्गांवरून जातं, लष्करी हवाई क्षेत्रं टाळतं, आणि उड्डाण व उतरणं धावपट्टीच्या दिशेने करतं. छोट्या मार्गांवर सरळ अंतरात पाच ते दहा टक्के मिळवावेत, असा माझा ठोकताळा आहे. इथे सात टक्के धरले तर ७५० किलोमीटर.

धावपट्टीची दिशा हा मुद्दा प्रवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे, म्हणजे तिच्या दोन दिशा ७० आणि २५० अंशांच्या, साधारण पूर्व-पश्चिम. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमान '२५' च्या दिशेने, पश्चिमेकडे तोंड करून उडण्याची शक्यता जास्त. म्हणजे नागपूरच्या उलट दिशेला उडून मग वळायचं. नागपूरची पट्टी १४/३२, आग्नेय-वायव्य अशी. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या विमानाला तिच्या रेषेत येण्यासाठी काटकोनात वळावं लागतं. ही वळणं दोन्ही टोकांना काही मिनिटं खातात. सातशे किलोमीटरच्या प्रवासात ती जाणवतात, दोन हजारांच्या प्रवासात नाही.

वेळ काढताना विमान कोणतं ते बघा

प्रादेशिक मार्गांवर आपल्याकडे मुख्यतः दोन जातींची विमानं दिसतात. पहिलं म्हणजे पंख्यांचं (प्रोपेलरचं) एटीआर ७२. ते साधारण १६ ते २० हजार फुटांवरून ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. दुसरं जेट, उदाहरणार्थ स्टार एअरचं ७६ आसनी एम्ब्रेअर १७५. ते बरंच वरून जातं आणि ताशी ८०० च्या आसपास वेग धरतं (खालच्या हिशोबात ७८० धरला आहे). तिकीट काढताना विमानाचा प्रकार बारीक अक्षरात दिलेला असतो, तो वाचा. अंतर तेच राहतं, पण वेळ अर्ध्या तासाने बदलतो.

नुसतं अंतराला वेगाने भागून चालत नाही. दहा हजार फुटांच्या खाली विमानाला २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. चढताना आणि उतरताना जेट आपला पूर्ण वेग वापरूच शकत नाही. त्यासाठी जेटला १३ मिनिटं आणि एटीआरला १० मिनिटं वर धरा. एटीआरचा मूळ वेगच कमी असल्यामुळे त्याचं नुकसान कमी होतं. मग जमिनीवरची धाव: पार्किंगपासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर परत पार्किंगपर्यंत. कोल्हापूरसारख्या छोट्या विमानतळावर ही मिनिटं थोडी असतात. दोन्हीकडची मिळून ९ पुरेत. मुंबई किंवा दिल्ली एका टोकाला असेल तर २५ धरा.

जेट: ७५० भागिले ७८०, म्हणजे ५८ मिनिटं, अधिक १३, अधिक ९, मिळून ८० मिनिटं.
एटीआर: ७५० भागिले ५००, म्हणजे ९० मिनिटं, अधिक १०, अधिक ९, मिळून १०९ मिनिटं.

म्हणजे जेटने एक तास वीस मिनिटं, एटीआरने एक तास पन्नास. तिकिटावर याहून पाच-दहा मिनिटं जास्त दिसली तर दचकू नका. कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. तिकिटावरच्या वेळेला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. चाकांखालचे अडसर काढून विमान हलल्यापासून ते दुसऱ्या टोकाला पुन्हा अडसर लागेपर्यंतचा हा वेळ. 'आता आपण एका तासात पोचू' असं वैमानिक सांगतो तो हवेतला वेळ असतो. म्हणून दोन आकडे जुळत नाहीत आणि कोणी खोटंही बोलत नसतं.

हिशोब ताडून पाहायचा असेल तर फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्या विमानक्रमांकाची मागची उड्डाणं पाहा. एका दिवसावरून ठरवू नका, आठवडाभराचा मध्य घ्या. कंपनीच्या छापील वेळेपेक्षा मी या नोंदींवर जास्त विश्वास ठेवतो.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का

हिवाळ्यात आपल्या डोक्यावर, उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. समजा ताशी ८५ किलोमीटरचा पश्चिमेचा वारा आहे. आपला मार्ग ईशान्येचा, म्हणजे वाऱ्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन. त्यामुळे वाऱ्याचा ०.७०७ भागच मागून ढकलतो, सुमारे ६० किलोमीटर. जाताना जेटचा वेग ७८० चा ८४० होतो आणि ७५० किलोमीटर ५४ मिनिटांत संपतात. येताना तोच वारा समोरून, वेग ७२०, वेळ ६२ ते ६३ मिनिटं. नऊ मिनिटांचा फरक.

पावसाळ्यात चित्र उलटतं. उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहू लागतात, म्हणून जेटला नागपूरहून कोल्हापूरला येणं सोपं जातं. एटीआर मात्र खालून उडतं, आणि खाली मान्सूनचा पश्चिमेचा वारा असतो. एकाच दिवशी, एकाच मार्गावर, जेटला समोरून वारा आणि एटीआरला मागून, असंही होऊ शकतं. एटीआरचा वेग कमी असल्यामुळे त्याला वारा जास्त लागतो. ताशी ४० किलोमीटरचा जोर असला तरी जाण्या-येण्यात चौदा-पंधरा मिनिटांचं अंतर पडतं.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की हवा विरळ होते, विमानाला तेवढाच उठाव मिळवायला जास्त धाव लागते, आणि दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेने विमान हादरे खातं. एप्रिल-मेमध्ये वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर सकाळचं विमान घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

घरापासून घरापर्यंत

खरा उपयोगाचा आकडा हा. राजारामपुरीतून निघणाऱ्या माणसाचा हिशोब मांडू. उजळाईवाडी शहरापासून दहाएक किलोमीटर, वाहतूक धरून अर्धा तास. देशांतर्गत विमानांचे काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याआधी तासभर बंद करतात, म्हणून दीड तास आधी पोचायचं. उड्डाण तास-पंचवीस मिनिटं. नागपूरला सामान मिळून बाहेर पडायला पंचवीस मिनिटं, सोनेगावहून शहरात अर्धा तास. एकूण ४ तास २० मिनिटं. विमान हवेत असतं जेमतेम सव्वा तास, बाकीचा सगळा वेळ जमिनीवर जातो.

तुम्ही इचलकरंजी, गडहिंग्लज किंवा गारगोटीचे असाल तर विमानतळापर्यंतचा वेळ वाढवून धरा. तरीही महाराष्ट्र एक्स्प्रेसला या प्रवासात चोवीस तासांच्या पुढे लागतात आणि बसने रात्र उलटून दुसरा दिवस उजाडतो. त्यासमोर हा फरक डोळ्यांत भरणारा आहे. पुणे–नाशिकसारख्या जोडीला हे गणित उलटं पडतं. तिथे उड्डाण अर्ध्या-पाऊण तासाचं असलं तरी घरापासून घरापर्यंतचा वेळ रस्त्याच्या वेळेला येऊन भिडतो. सरळ अंतर तीनशे किलोमीटरच्या आत असेल तर आधी गाडीचा हिशोब करा, मग विमानाचा.

थेट विमान त्या दिवशी नसेल तर मुंबईवरून जाता येतं. सरळ अंतरं मांडली तर कोल्हापूर–मुंबई ३०८ आणि मुंबई–नागपूर ६८२, मिळून ९९० किलोमीटर. अंतर ४१ टक्क्यांनी वाढतं, पण वेळ दुपटीच्याही पुढे जातो, कारण मध्ये थांबावं लागतं. दोन्ही तिकिटं एकाच आरक्षणावर असतील तर दीड-दोन तासांचा थांबा चालतो. वेगवेगळी काढली असतील तर चार तासांपेक्षा कमी ठेवू नका. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही.

मार्ग चालू आहे ना, हे बुकिंगआधी तपासा

प्रादेशिक मार्गांचं एक दुखणं आहे. 'उडान' योजनेत सरकार कंपनीला तोट्याची भरपाई देतं ते तीन वर्षं. २७ एप्रिल २०१७ ला या योजनेची पहिली उड्डाणं झाली तेव्हा नांदेड–हैदराबादही त्यात होतं. भरपाई संपली आणि प्रवासी पुरेसे नसले की मार्ग बंद पडतो किंवा रोजचा आठवड्यातून तीन दिवसांवर येतो. वेळापत्रकंही वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात. म्हणून जुन्या माहितीवर लग्नाची तारीख किंवा कोर्टाची तारीख बेतू नका. प्रवासाच्या वाराचं विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर दिसतंय का, ते पाहा.

छोट्या विमानतळांच्या कामाच्या वेळाही ठरलेल्या असतात. संध्याकाळचं शेवटचं विमान फार लांबलं तर ते विमानतळ बंद व्हायच्या वेळेत अडकतं आणि रद्द होण्याची भीती असते. ज्याचं काम टाळता येण्यासारखं नाही त्याने दिवसातलं पहिलं विमान घ्यावं. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली उतरले की कोल्हापूरला उतरणं अवघड होतं. विमान दुसरीकडे वळलं तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. बेळगाव इथून सरळ रेषेत ९६ किलोमीटर आहे आणि तिथून हमरस्त्याने परत येता येतं. हैदराबादला नेलं तर मात्र तुमची रात्र तिथेच जाण्याची शक्यता आहे.

हे आकडे पैशांतही उतरतात

अंतर आणि वेळ तुमच्या हक्कांशी जोडलेले आहेत, आणि हे प्रत्येक प्रवाशाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, कंपनीने तुम्हाला वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर परताव्याशिवाय किंवा पर्यायी विमानाशिवाय भरपाईही मिळते, आणि तिची पायरी ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, दोन तासांच्या पुढे १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातली जी रक्कम कमी असेल ती. कोल्हापूर–नागपूर जेटने असो वा एटीआरने, मधल्या पायरीत बसतं. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे रद्द झालं तर ही भरपाई लागू होत नाही, म्हणून रद्द होण्याचं कारण लेखी मागून घ्या. एसएमएस आला असेल तर तो पुसू नका.

अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमचं विमान दोन तास किंवा जास्त लांबणार असेल आणि तुम्ही वेळेत हजर असाल, तर खाणं-पिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. काउंटरवर शांतपणे मागा, बहुतेक वेळा मिळतं.

भाड्याचा अंतराशी संबंध डिसेंबर २०२५ मध्ये अनेकांच्या ध्यानात आला. देशभर उड्डाणं रद्द होऊन तिकिटं भडकली तेव्हा केंद्राने तात्पुरत्या कमाल मर्यादा घातल्या: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,०००. आपलं ७०२ दुसऱ्या गटात येतं. अशी मर्यादा पुन्हा कधी लागली तर आपला मार्ग कोणत्या गटात बसतो ते तुम्हाला वरच्या रीतीने दोन मिनिटांत सांगता येईल, आणि जास्त पैसे घेतले गेले असतील तर तक्रार 'एअरसेवा' पोर्टलवर आकड्यांसकट नोंदवता येईल.